डिग्रीच्या पहिल्या वर्षी ॲथलेटिक्स: गोळा जड होतो, अडथळा उंच होतो

अकरावी-बारावीला जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या शालेय स्पर्धा खेळलेल्या मुलांना वाटतं, डिग्रीला तेच पुढे चालू राहील. नाही राहत. इथून पुढे कारभार विद्यापीठाचा. आधी आंतरमहाविद्यालयीन, त्यातून विद्यापीठाचा संघ, मग भारतीय विश्वविद्यालय संघाची अखिल भारतीय स्पर्धा, आणि तिथल्या कामगिरीवर खेलो इंडिया युनिव्हर्सिटी गेम्स. राज्यातल्या विद्यापीठांची 'अश्वमेध' ही स्पर्धा वेगळी.

या सगळीकडे साहित्य खुल्या, म्हणजे वयाची अट नसलेल्या मोठ्यांच्या गटाचं असतं, आणि नवी मुलं अडखळतात ती इथेच. २० वर्षांखालच्या मुलांचा गोळा ६ किलोचा, खुल्या गटाचा ७.२६. थाळी १.७५ वरून २ किलोवर जाते. मुलींना हा धक्का १८ वर्षांखालच्या गटातून वर येताना बसतो: गोळा ३ वरून ४ किलो.

जड गोळा हातात आला की पहिल्यांदा कोपर खाली पडतं. गोळा मानेपासून सुटतो, चेंडूसारखा फेकला जातो आणि मनगट दुखावतं. म्हणून सुरुवातीचे तीन-चार आठवडे ग्लाइड (मागे सरकत येऊन फेकणं) किंवा स्पिन (गिरकी घेऊन फेकणं) बाजूला ठेवा. जागेवरूनच ढकला, एका सत्रात वीस-पंचवीस फेका पुरे, त्यातल्या निम्म्या ६ किलोने. नुसतं वजन उचलून हे सुटत नाही, कितीही जिम करा.

११० मीटर अडथळ्यांचं दुखणं याहून नाजूक. उंची ९९.१ सेंटिमीटरवरून १०६.७ होते, दोन अडथळ्यांमधलं अंतर मात्र ९.१४ मीटरच राहतं. उंची बघून मुलं अडथळ्याच्या फार जवळ येऊन वर उडी मारतात, वेग मरतो आणि पुढची तीन पावलं पुरत नाहीत. सरावात आधी अंतर साडेआठ मीटरपर्यंत कमी करा, उंची जुनीच ठेवा. लय बसली की उंची वाढवा, अंतर शेवटी. टेकऑफ, म्हणजे उडीआधीचं शेवटचं पाऊल, अडथळ्याच्या साधारण दोन मीटर आधी.

स्पाइक्स (खिळ्यांचे बूट) घेताना खिळे बदलता येणारे घ्या. सिंथेटिक ट्रॅकवर सहसा ६ मिलिमीटरचेच लावू देतात. मातीवर ते घसरतात. पावसाळ्यानंतर मैदान कडक झाल्यावर एकदम पळापळ वाढवली की नडगी धरते. ती धरली की महिना गेलाच समजा.

कागदपत्रं जुलैतच जिमखान्यात द्या: दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, जन्मतारखेचा पुरावा, फी पावती, फोटो. पात्रता फॉर्मवर प्राचार्यांची सही लागते, आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी ते हमखास बाहेरगावी असतात. हजेरीतली सवलत आपोआप मिळत नाही; स्पर्धेचं पत्र विभागात द्यावं लागतं, पोच घेऊन. नव्या शैक्षणिक धोरणात सहअभ्यासक्रमाचे क्रेडिट आहेत, त्यात खेळ निवडता येतो का, हे प्रवेशावेळीच विचारा.

सरकारी नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणावर नजर असेल तर आंतरमहाविद्यालयीन प्रमाणपत्रावर विसंबू नका. वरच्या पातळीवरचं पदक लागतं आणि क्रीडा विभागाच्या उपसंचालकांकडून पडताळणीही. त्यासाठी निकालपत्रकाची सही-शिक्क्याची प्रत स्पर्धा संपते त्याच दिवशी मागून घ्या. वर्षभराने ती शोधायला कोणी बसत नाही.