विकसनशील देशांतील मॉर्मन समुदायाचा अभ्यास कसा करावा

नागपूर विद्यापीठात समाजशास्त्राच्या प्रबंधिकेसाठी हा विषय घेणाऱ्या विद्यार्थ्याने आधी आकड्यांचा बंदोबस्त करावा. 1830 मध्ये जोसेफ स्मिथ यांनी न्यूयॉर्क राज्यात स्थापन केलेल्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या चर्चचे मुख्यालय आज सॉल्ट लेक सिटीत आहे. चर्चच्या नोंदींनुसार सदस्यसंख्या एक कोटी सत्तर लाखांच्या पुढे असून 1996 पासून निम्म्याहून अधिक सदस्य अमेरिकेबाहेरचे आहेत. हे आकडे जसेच्या तसे उतरवून घेणे मात्र धोक्याचे आहे.

पहिले काम म्हणजे चर्चची नोंद आणि त्या देशाची जनगणना शेजारी शेजारी मांडणे. ब्राझीलमध्ये 2010 साली चर्चच्या दफ्तरी अकरा लाखांहून अधिक सदस्य होते. त्याच वर्षीच्या जनगणनेत स्वतःला मॉर्मन म्हणवणारे सुमारे 2 लाख 26 हजारच निघाले. बाप्तिस्मा झाला की नाव चढते, पण माणूस पुढे फिरकला नाही म्हणून ते आपोआप उतरत नाही, हे या तफावतीचे मोठे कारण आहे. अर्थात जनगणनाही निरागस नसते. दीक्षाभूमीच्या शहरात हे वेगळे सांगायला नको: 1956 च्या धर्मांतरानंतर अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती बौद्धांना थेट 1990 मध्ये मिळाल्या, आणि तोवर धर्माच्या रकान्यात काय लिहावे हा अनेक घरांत पोटापाण्याचा प्रश्न होता. ब्राझीलच्या रकान्यामागेही काही स्थानिक हिशेब आहेत का, हे तपासूनच निष्कर्ष काढावा.

दुसरा मापदंड संघटनेचा. गावपातळीवरील मंडळी म्हणजे वॉर्ड किंवा ब्रँच, आणि अनेक वॉर्ड मिळून स्टेक होतो. स्टेक चालवायला नियमित येणारी, उत्पन्नाचा दहावा हिस्सा देणारी आणि बिनपगारी जबाबदारी उचलणारी माणसे लागतात. त्यामुळे सदस्यसंख्येपेक्षा स्टेकची संख्या जास्त बोलकी असते. चिलीमध्ये झपाट्याने बाप्तिस्मे झाले, पण नेतृत्व करणारे पुरेसे नव्हते. 2002 मध्ये जेफ्री हॉलंड या ज्येष्ठ नेत्याला तिथे मुक्कामी पाठवण्यात आले आणि अनेक स्टेक एकमेकांत विलीन करावे लागले.

कारणमीमांसा देशागणिक वेगळी ठेवावी. आफ्रिकी वंशाच्या पुरुषांना याजकपद न देण्याचा नियम जून 1978 मध्ये रद्द झाला आणि त्याच वर्षी नायजेरिया व घाना येथे मिशनरी पोहोचले. तिथे त्यांच्याआधीच स्थानिक लोकांनी चर्चचे ग्रंथ वाचून स्वतःच्या मंडळ्या उभ्या केल्या होत्या, आणि माझ्या मते सगळ्या विषयातला हाच भाग सर्वांत अभ्यासनीय आहे, कारण ‘अमेरिकेने पाठवले, गरिबांनी स्वीकारले’ हे सरधोपट सूत्र इथे कोलमडते. घानाच्या सरकारने 1989 मध्ये चर्चच्या कार्यावर बंदी घातली आणि पुढच्याच वर्षी ती उठवली. हा प्रसंग प्रबंधिकेत स्वतंत्र प्रकरणाच्या तोलाचा आहे.

प्रभाव तपासताना शिक्षणाकडे आधी पाहावे. विकसनशील देशांतील तरुण सदस्यांना शिक्षणासाठी कर्ज देणारा निधी 2001 मध्ये जाहीर झाला. टोंगात चर्चचे स्वतःचे हायस्कूल आहे. रोजच्या शिस्तीचा परिणाम त्याहून खोल जातो: मद्य आणि तंबाखूबरोबर चहा-कॉफीही वर्ज्य असते. (मुलाखतीची वेळ चहाच्या टपरीवर ठरवू नये.)

भारतात हैदराबादला 2012 मध्ये स्टेक स्थापन झाला आणि बंगळुरूच्या मॉर्मन मंदिराचे भूमिपूजन 2020 मध्ये झाले. आपल्या जनगणनेच्या तक्त्यांत मॉर्मन वेगळे दाखवले जात नाहीत, ते ख्रिश्चनांतच धरले जातात, त्यामुळे इथे ब्राझीलसारखी पडताळणी शक्य नाही. म्हणून स्थानिक प्रमुखांची परवानगी घेऊन सलग काही रविवार प्रार्थनासभेतील उपस्थिती मोजावी आणि पाहुणे, मुले व सदस्य यांची नोंद निरनिराळी ठेवावी. एप्रिल व ऑक्टोबरमधील चर्चच्या जागतिक परिषदेचे रविवार वगळावेत, कारण तेव्हा नेहमीची सभा भरत नाही.