क्रोशा विणताना या चुका टाळा, आणि मोजायचा कंटाळा तर आधी सोडा

क्रोशा शिकायला सोपा आहे, यात वाद नाही. एक सुई, एक गुंडा, आणि चुकलं तर दोरा ओढला की उसवतं. दोन सुयांवरच्या विणकामात टाका निसटला की जीव वर-खाली होतो. इथे सुईवर एका वेळी बहुतेक एकच टाका असतो, त्यामुळे ती भीती नाही. पण याच सोपेपणामुळे माणसं बेफिकीर होतात. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुली-बायका वेगवेगळ्या घरांतून येतात आणि चुका मात्र ठरलेल्या त्याच आणतात. (हल्ली एक-दोन मुलगेही येतात. ते मोजतात, एवढं कबूल करायला हवं.)

कडेचा खांब हरवणं

माझ्या मते शंभरातल्या नव्वद बिघडलेल्या वस्तू इथेच बिघडतात. खांब म्हणजे सुईवर दोऱ्याचा एक वेढा घेऊन घातलेला उंच टाका, आणि साखळी म्हणजे दोऱ्याची नुसती एक कडी. खांबांची ओळ संपली, तीन साखळ्या घातल्या, काम उलटलं. या तीन साखळ्या म्हणजेच नव्या ओळीचा पहिला खांब. म्हणून पुढचा खांब शेजारच्या टाक्यात घालायचा, साखळ्या जिथून निघाल्या त्याच टाक्यात नाही. आणि ओळीच्या शेवटी मागच्या ओळीच्या त्या तीन साखळ्यांच्या डोक्यावर एक खांब घालायचा. हा शेवटचा खांब लोक खातात. तीन साखळ्या बारीक दिसतात, कडेला मुडपून बसतात, आणि टीव्हीवर मालिका चालू असते.

मागे एक मुलगी बहिणीच्या बाळासाठी पांघरूण विणत होती. पिस्ता रंगाची सुंदर लोकर, चार मिलिमीटरची सुई, पहिल्या ओळीत १२० खांब, म्हणजे साधारण पाऊण मीटर रुंदी. पहिल्या ओळी माझ्यासमोर घातल्या, व्यवस्थित होत्या. मग घरी घेऊन गेली आणि बारसं तोंडावर आल्यावर पिशवी घेऊन हजर. "काकू, हे जरा ओढून सरळ होईल का?" टेबलावर पसरलं तर खालची बाजू टेबलाला पुरून उरत होती आणि वरची जेमतेम निम्मी. मोजले. साठ-एक ओळी झाल्या होत्या आणि वर पासष्टच्या आसपास खांब उरले होते. जवळजवळ प्रत्येक ओळीला एक खांब गेला होता. काम दर ओळीला उलटतं, त्यामुळे एकदा या बाजूचा, एकदा त्या बाजूचा, असं ते दोन्हीकडून अगदी सारखं निमुळतं होत गेलं होतं. म्हणूनच तिला संशय आला नाही. तिला वाटलं लोकर आखडतेय. घरच्यांनी सुचवलं होतं की चारी बाजूंनी झालर लावली की कळणार नाही. अर्ध्या रुंदीचा फरक झालरीत लपवणार! ओलं करून टाचण्या लावून ताणलं तर थोडाफार वाकडेपणा जातो, पण नसलेले पंचावन्न खांब त्यातून उगवत नाहीत.

उसवलं. सगळं नाही, जिथे पहिला खांब हरवला होता तिथपर्यंतच, म्हणजे जवळजवळ सगळंच. बारशाला दुकानातलं दुपटं गेलं. पांघरूण पोचलं तेव्हा बाळ बसायला लागलं होतं, पण ते चौकोनी होतं.

याची उलटी चूकही होते. साखळ्यांच्या पायथ्याशी आणखी एक खांब घातला की दर ओळीला एक वाढतो आणि वस्तू वरच्या बाजूला पसरत जाते. सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे दोन्ही चुका एकत्र करणारे. सुरुवातीला एक वाढवतात, शेवटी एक गाळतात. मोजलं तर संख्या बरोबर! कडा मात्र दातेरी आणि मध्ये भोकं. "काकू, मी मोजलं होतं" असं म्हणत जे येतात त्यांच्या कडेकडे मी आधी बघते.

माझी सवय अशी: तीन साखळ्या घातल्या की तिसऱ्या साखळीत लगेच वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा तुकडा अडकवते. परत येताना तो तुकडा दिसला की तिथे खांब घालायचाच. बाजारात यासाठी प्लास्टिकच्या पिना मिळतात, सेफ्टी पिनही चालते, पण तिच्या गोल टोकात दोरा अडकतो म्हणून मला ती आवडत नाही. आणि प्रत्येक ओळ मोजायची. दर ओळ. लांब ओळ असेल तर वीस-वीस खांबांवर खूण करावी, म्हणजे चूक कुठल्या विसात आहे ते कळतं आणि सगळी ओळ परत मोजावी लागत नाही.

"धुतल्यावर बसेल" असं म्हणणं

गोल रुमाल, टीकोस्टर, टोपीचा माथा, सगळ्याला हिशोब एकच. खांबांचा सपाट गोल करायचा तर पहिल्या फेरीत १२, मग २४, ३६, ४८. दर फेरीला बारा वाढले पाहिजेत. मुक्या खांबांचा (वेढा न घेता घातलेल्या बुटक्या टाक्यांचा) असेल तर सहापासून सुरू आणि दर फेरीला सहा. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन. तिसऱ्या फेरीत एक साधा, एकात दोन. चौथ्या फेरीत दोन साधे, एकात दोन. यात पाठ करण्यासारखं काही नाही, पाढे येतात ना?

रुमालाची वाटी व्हायला लागली तर टाके कमी पडताहेत, किंवा हात फार घट्ट आहे. कडेला चुण्या पडायला लागल्या तर टाके जास्त आहेत. दोन्हीची लक्षणं चौथ्या-पाचव्या फेरीलाच दिसतात, पण माणसं दहाव्या फेरीपर्यंत विणत राहतात आणि म्हणतात, धुतल्यावर बसेल. इस्त्रीने बसेल. नाही बसत. उलट लोकर ॲक्रिलिकची असेल (आपल्याकडे दुकानात स्वस्तात मिळणारी बहुतेक तीच असते) तर गरम इस्त्रीखाली ती कायमची लुळी पडते, तिचा फुगीरपणा परत येत नाही. सुती दोऱ्याच्या रुमालाला ओलं करून, पालथं घालून इस्त्री करा, हवं तर खळ द्या, छान दिसतो. ॲक्रिलिकला ओलं करायचं, हाताने आकार द्यायचा, सावलीत वाळवायचं, बस.

गोलाचा षटकोन होत असेल तर घाबरू नका, वाढवलेले टाके दर फेरीत एकाच जागी येताहेत. एखाद्या फेरीत वाढ पुढे-मागे सरकवली की कोपरे जातात.

लोकर मोजकी आणणं

"काकू, तीन गुंडे पुरतील ना? नाहीतर परत आणीन." परत आणू नका, आधीच जास्त आणा. वेष्टनावर रंगाचा नंबर असतो, तो सगळे बघतात. त्याशेजारी लॉट नंबर असतो, तो कोणी बघत नाही. लोकर भट्टीभट्टीने रंगवली जाते आणि एकाच नंबरचा रंग दोन लॉटमध्ये किंचित वेगळा उतरतो. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली दोन्ही गुंडे सारखेच दिसतात, दुकानदारही शपथेवर सांगतो की तोच माल आहे. उन्हात धरलं की समजतं. आमच्या इमारतीत एक मरून जाकीट आहे, पाठ मरून आणि उजवी बाही विटकरीकडे झुकलेली. घालणारा बिचारा त्या बाजूला पिशवी लटकवतो.

सगळे गुंडे एका लॉटचे घ्या, वर एक जादा. न उघडलेला गुंडा बरीच दुकानं बदलून देतात, नाहीतर त्याची टोपी होते. लॉट संपलाच असेल तर एकदम नवा गुंडा जोडू नका. काही ओळी एक जुन्याची, एक नव्याची अशा आलटून-पालटून घाला, म्हणजे रंग एका रेषेवर तुटलेला दिसत नाही.

लाल आणि पांढरा सुती दोरा एकत्र वापरणार असाल तर लाल दोऱ्याचा तुकडा आधी ओल्या पांढऱ्या कापडात दाबून बघा. तोरण धुतल्यावर गुलाबी झालं की मग मला फोन करून उपयोग नसतो.

गरम भांडी धरायच्या पकडी ॲक्रिलिकच्या करू नका. वितळतं ते. सुती दोरा, तोही दुहेरी.

लडी सोडवायची घाई

गुंडा न करता लडीतूनच थेट विणायला बसणाऱ्यांबद्दल मला काही बोलायचं नाही. गुंता होतो, मग कात्री येते, मग गाठी येतात. लडी खुर्चीच्या पाठीवर अडकवा किंवा घरातल्या कोणाला तरी हात पुढे करून बसवा, बांधलेले दोरे शेवटी कापा, आणि गुंडा करा. सैल करा! दगडासारखा आवळलेला गुंडा दोऱ्याला ताणून ठेवतो; त्याच ताणात विणलेली वस्तू पहिल्या धुण्यात आखडते. मी गुंडाळताना दोऱ्याखाली दोन बोटं ठेवते आणि थोड्या वेळाने ती काढून घेते, आपोआप सैल बसतं.

गुंता झालाच तर टोक धरून ओढायचं नाही. ओढल्याने गुंत्याची गाठ होते. सगळा ढीग चारी बाजूंनी सैल करत, विस्कटत न्यायचा. टोक आपणहून बाहेर येतं. हे काम चिडलेल्या माणसाने करू नये, दुसऱ्याकडे द्यावं.

दोरा जोडताना गाठ मारून टोक जवळून कापणं हा याच घाईचा पुढचा भाग. ॲक्रिलिक गुळगुळीत असतं, गाठ धुण्यात सुटते आणि चौकोन मधोमध उघडतो. वीतभर टोक सोडा, बोथट सुईत ओवा, एका दिशेला टाक्यांतून न्या, परत उलट दिशेला आणा, मग तिसऱ्यांदा थोडं. शेवटी सगळी टोकं एकदम ओवायची म्हणून ठेवू नका. रंगीत चौकोनांच्या पांघरुणाची दोनेकशे टोकं एका बैठकीत ओवणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. पांघरूण कपाटात जातं.

सुईचा नंबर

"आठ नंबरची सुई आणली." कुठला आठ? जुन्या ब्रिटिश मोजणीत आठ म्हणजे चार मिलिमीटर, अमेरिकन मोजणीत आठ म्हणजे पाच. ब्रिटिश मोजणीत आकडा वाढला की सुई बारीक होते, अमेरिकनमध्ये जाड होते, आणि अमेरिकेच्याच स्टीलच्या बारीक सुयांना पुन्हा उलटा हिशोब. सुती दोऱ्याचंही तसंच, ४० नंबरचा दोरा २० पेक्षा बारीक. तेव्हा सुईचे फक्त मिलिमीटर बघा, बाकी सोडून द्या.

व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं की अमेरिकन 'सिंगल क्रोशे' म्हणजे ब्रिटिश 'डबल क्रोशे'. आपला मुका खांब. आपला नेहमीचा खांब अमेरिकनांचा 'डबल' आणि ब्रिटिशांचा 'ट्रेबल'. अर्धी टोपी झाल्यावर हे कळण्यापेक्षा व्हिडिओतली बाई कुठल्या देशातली आहे ते आधी बघावं.

पहिली सुई चार किंवा पाच मिलिमीटरची, पहिली लोकर मध्यम जाडीची, गुळगुळीत, फिक्या रंगाची. काळी नको, मखमली तर मुळीच नको. मखमली लोकरीत टाका दिसत नाही, बोटांनी चाचपावा लागतो, आणि ज्याला अजून टाका ओळखता येत नाही तो काय चाचपणार? पण दुकानात हात तिकडेच जातो, मला ठाऊक आहे.

पायाची साखळी, म्हणजे जिच्यावर पहिली ओळ उभी राहते ती, घट्ट झाली की तळाशी वस्तू आवळते आणि वर फुलते. साखळी अर्ध्या मिलिमीटरने जाड सुईवर घाला, पहिल्या ओळीपासून नेहमीची सुई घ्या. "सैल घाल" असं सांगून कोणाचाही हात सैल झालेला नाही.

झटपट शिकायचंय?

शिकायला येणाऱ्यांपैकी निम्म्या पहिल्याच दिवशी फोनवर एखादा टॉप दाखवतात. पंधरा दिवसांत होईल का? क्रोशाचं यंत्र नसतं. लेसच्या दुकानात 'क्रोशा लेस' म्हणून मीटरवर मिळते ती वेगळ्या विणीची नक्कल असते. खरा क्रोशा जिथे दिसेल, अगदी फुटपाथवर स्वस्तात टांगलेला असला तरी, तो कोणीतरी हाताने विणलेला असतो. आंध्रातल्या नरसापूरकडच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या हे काम करताहेत, त्यांचा वेग बघून आपल्या दिवसांचा हिशोब करू नये. आधी दहा सेंटीमीटरचा चौकोन विणा, त्यात किती खांब आणि किती ओळी बसल्या ते लिहून ठेवा. अंगावर घालायच्या कुठल्याही वस्तूचं माप त्यावरूनच निघतं. हा चौकोन टाळणाऱ्यांचे स्वेटर धाकट्या भावाला जातात.

खेळणी करणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी. लोकरीच्या वेष्टनावर लिहिलेल्या सुईपेक्षा बारीक सुई घ्या, नाहीतर फटींतून कापूस डोकावतो. आणि लहान बाळाच्या खेळण्याला मणी किंवा बटणाचे डोळे लावू नका, निघाले तर तोंडात जातात. काळ्या दोऱ्याने भरून काढा.

पावसाळ्यात स्टीलच्या सुया गंजतात आणि गंजाचा डाग पांढऱ्या दोऱ्यावरून सहजासहजी जात नाही. कोरड्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा, वापरण्याआधी पुसून घ्या. खरी लोकर असेल तर कसर लागते: स्वच्छ धुऊन, खडखडीत वाळवून, सुक्या कडुनिंबाच्या पाल्याबरोबर बंद पिशवीत, आणि अधूनमधून उघडून ऊन दाखवायचं. ॲक्रिलिकला कसर सहसा लागत नाही, धूळ लागते. उरलेल्या प्रत्येक गुंड्यात त्याचं वेष्टन खोचून ठेवा, नाहीतर दोन वर्षांनी तोच रंग शोधत तुळशीबागेतली दुकानं हिंडाल आणि प्रत्येक दुकानदार विचारेल, "नंबर काय?"