शस्त्र परवान्याचा अर्ज भरताय? या चुका टाळा

खानदेशातल्या एका जिल्हा कचेरीत गृह शाखेच्या टेबलावर माझी बरीच वर्षं गेली. केळीचे बागायतदार, कापसाचे व्यापारी, सोनार, मळ्यात वस्ती करून राहणारे शेतकरी, निवृत्त फौजी, सगळे फायली घेऊन समोर बसायचे. आता मी निवृत्त आहे, तरी लोक कागद दाखवायला घरी येतात. चुका त्याच असतात. माणसं सरळ असतात, गरज खरी असते आणि कागदापायी सगळं फिसकटतं, हे बघून जीव तुटतो.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे अर्ज दुसऱ्याने भरायचा आणि आपण न वाचता सही ठोकायची. नमुना ए-१ हा साधा फॉर्म नाही. पूर्वी गुन्हा दाखल झालाय का, शिक्षा झालीय का, शांतता राखण्याचा बाँड लिहून दिलाय का, याआधी परवाना मागितला होता का, त्याचं काय झालं, हे सगळं त्यात विचारलेलं असतं. दुकानात संगणकावर बसलेला पोरगा घाईत असतो, तो सगळीकडे 'नाही' टाकून मोकळा होतो.

रावेरकडचे एक बागायतदार होते. बांधावरून भावकीत हाणामारी झाली होती आणि पोलिसांनी दोन्हीकडच्यांवर १०७ ची चॅप्टर केस, म्हणजे शांतता राखण्याचा बाँड लिहून घ्यायची कारवाई, केली होती. त्याला बरीच वर्षं झालेली. अर्जात 'नाही' लिहिलं गेलं. पोलीस ठाण्याच्या रजिस्टरला मात्र नोंद जशीच्या तशी होती आणि अहवालात ती आली. ते माझ्यासमोर बसून सांगत होते, "आप्पा, ते तर मिटलं होतं. तहसीलदारांसमोर एक सही केली अन् घरी आलो." ती सही म्हणजेच बाँड होता. शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम ९ फक्त बाँडची मुदत चालू असेपर्यंत आडवं येतं. यांची मुदत केव्हाच संपलेली. 'हो, बाँड दिला होता, मुदत संपली' एवढी एक ओळ लिहिली असती तर विषय तिथेच संपला असता. पण आता चॅप्टर बाजूला राहिली आणि माहिती लपवल्याचा ठपका आला. अर्ज नामंजूर झाला. पुढच्या अर्जात ती नामंजुरीही लिहावी लागली. अशी लपवाछपवी करून परवाना हाती पडलाच, तरी कलम १७ खाली तो नंतर कधीही रद्द करता येतो.

माझी पद्धत सांगतो. फॉर्मची झेरॉक्स घ्या, घरी बसून पेन्सिलने भरा आणि घरातल्या जुन्या माणसाला शेजारी बसवा. चॅप्टर तुमच्या लक्षात नसते, आईच्या असते. मग ठाण्यात जाऊन आपल्या नावावर काय काय आहे ते विचारून घ्या. एवढं झाल्यावरच पोर्टलवर बसा, आणि टाइप दुसरा करत असला तरी पडद्यावर नजर तुमची हवी. 'भाऊ, दोन दिवसांत करून देतो' म्हणणाऱ्या एजंटला मी दारात उभा करणार नाही. जबाब द्यायला तो येत नाही, तुम्हालाच जावं लागतं. ठाण्यात साहेब विचारतात, शस्त्र कशाला हवं? अर्जात 'जीवितास धोका' आणि तोंडी 'असंच, घरात असलेलं बरं', असं झालं की अहवाल कसा येईल ते सांगायला नको. मळा गावापासून चार किलोमीटर आहे, रात्रीच्या लाइटला मोटर चालू करायला एकट्याने जावं लागतं, असं जे खरं आहे तेच लिहा. तेच जबाबातही आपसूक येतं.

दुसरी चूक वडिलांच्या बंदुकीची. ही मला सगळ्यात जास्त छळते, कारण इथे माणसाला आपण गुन्हा करतोय हे माहीतच नसतं.

एकदा शहाद्याकडचा एक तरुण आला. हातात जुना परवाना, घड्यांवर फाटलेला, वर धुळ्याचा शिक्का. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला वेगळा झाला, परवाना त्याच्या आधीचा. वडील जाऊन दीड वर्ष झालेलं. म्हणाला, नाव बदलून द्या. मी विचारलं, बंदूक कुठे आहे? "खाली शे. मोटरसायकलले बांधेल शे." मी खुर्चीतून उठलोच. शिपायाला घेऊन जिना उतरलो. गोणपाटात गुंडाळलेली बारा बोअर कॅरियरला सुतळीने बांधलेली, नळीचं तोंड बाहेर आलेलं आणि बाजूला चहाच्या टपरीवरची गर्दी. तो पोरगा शांतपणे सांगत होता, "आप्पा, बंदूक मना बापनी शे, चोरीनी नही."

बापाची असली तरी परवाना बापाच्या नावाचा होता. सातबाऱ्यासारखी त्यावर वारसाची नोंद लागत नाही. परवानाधारक गेला की घरात राहिलेलं शस्त्र विनापरवाना होतं आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला दोन ते पाच वर्षांची शिक्षा आहे. कलम २१ सांगतं की ते विलंब न लावता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करा. दहावा-तेरावा उरकला की पहिलं काम हे. आधी ठाण्यात कळवा, ते सांगतील तसं शस्त्र जमा करा आणि पावती घ्या. त्या मुलाने बंदूक त्याच दिवशी जमा केली, पण चौकशीचे हेलपाटे त्याला पुढे कितीतरी महिने पडले.

नंतर वारस म्हणून अर्ज करता येतो. मृत्यूचा दाखला, जुना परवाना आणि बाकीच्या वारसांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र लागतं. इथे लोक बहिणींना हमखास विसरतात. बहीणही वारसच आहे, तिची सही लागते, आणि ती मागायला फोनवर न भागवता तिच्या घरी जावं असं माझं म्हणणं आहे. वडील हयात असतील तर शस्त्र नियम २०१६ मध्ये याहून सोपी वाट आहे. त्यांचं वय ७० झालं असेल किंवा शस्त्र त्यांच्याकडे २५ वर्षं असेल, तर त्यांच्या डोळ्यांदेखत वारसाला परवाना मिळू शकतो. हे काम पुढे ढकलू नका.

बाकीच्या चुका थोडक्यात. आधारवर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, असं असेल तर आधी ते नीट करा. वय २१ पूर्ण नसेल तर अर्जच करू नका. वैद्यकीय प्रमाणपत्र ओळखीच्या डॉक्टरकडून न तपासता आणू नका, त्यात मानसिक आरोग्यही येतं. प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र विकत मिळेल का असं विचारणाऱ्यांना मी स्पष्ट सांगतो, तुम्हाला शस्त्र न मिळालेलंच बरं. पिकाच्या राखणीसाठी परवाना मिळाला म्हणजे शिकारीची मुभा मिळाली असं नाही, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ जागेवरच आहे. एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, तिसऱ्याची चौकशी करू नका. आपलं शस्त्र ओळखीच्या परवानाधारकाला विकायचं असेल तरी जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. आणि सातपुड्यापलीकडून येणारा गावठी कट्टा 'आधी घेऊ, कागद नंतर करू' म्हणून घेऊ नका. त्याला कागद होतच नाही, थेट कोठडी होते.

खरेदीच्या दिवशी मूळ परवाना घेऊन स्वतः जा. इंदूरला स्वस्त मिळतं म्हणून निघालात तर आधी परवान्यावरचं क्षेत्र वाचा. तिथे फक्त महाराष्ट्र लिहिलेलं असेल तर सीमेपलीकडून शस्त्र घेऊन येणं तुमच्या अंगाशी येईल. दुकानात शस्त्र हातात आलं की लोक ते खांद्याला लावून बघतात. मी म्हणतो, आधी नंबर बघा. तेलकट नळी फडक्याने पुसा, उजेडात धरा आणि एकेक अक्षर मोठ्याने वाचा. दुसऱ्याने बिलावर बोट ठेवून ताडून बघायचं, मग परवान्यावरच्या नोंदीशी. एका गृहस्थांच्या परवान्यावर ३ चा ८ झाला होता. पाच वर्षांनी नूतनीकरणाला शस्त्र तपासलं तेव्हा ते उघडकीस आलं. हातातली बंदूक परवान्यावर नाही आणि परवान्यावरची बंदूक जगात नाही, अशी त्यांची गत झाली. दुकानदाराचं जुनं रजिस्टर सापडलं म्हणून ते सुटले.

नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या ६० दिवस आधी गेला पाहिजे. माझ्याकडे येणाऱ्यांना मी ती तारीख घरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहायला लावतो, आणि निवडणुकीत शस्त्र जमा केल्याची प्रत्येक पावती परवान्याच्याच फाइलला लावायला सांगतो.