खारीचं पिल्लू सापडलंय? आधी ती दुधाची वाटी बाजूला ठेवा

मे महिन्यात झाडांची छाटणी सुरू झाली की मला ठरलेले फोन येतात, "ताई, खारीचं पिल्लू पडलंय, थोडं दूध पाजलंय, आता काय करू?" आणि मी कपाळाला हात लावते. दूध पाजायला कुणी सांगितलं होतं? यूट्यूबवर बघितलं म्हणे. शेजारच्या काकू तर रामाची खार म्हणून दुधात बुडवलेलं बिस्किट घेऊन हजर. काकूंची माया खरी आहे, पण ते बिस्किट काकूंनीच खावं.

तर पिल्लू उचला. उघड्या हाताने उचललं तरी चालतं, माणसाचा वास लागला की आई घेत नाही ही निव्वळ थाप आहे. उलटसुलट करून बघा, लाल मुंग्या असतील तर काढा, बारीक तांदळासारखे पांढरे दाणे केसांत चिकटलेले दिसले तर ती माशीची अंडी, तीही काढा. रक्त असेल किंवा मांजराच्या तोंडातून सोडवलेलं असेल तर पुढचं काही वाचत बसू नका, थेट डॉक्टर गाठा, कारण मांजराचा दात टाचणीएवढा जरी लागला असला तरी त्यातले जंतू रक्तात पसरतात आणि त्याच दिवशी अँटिबायोटिक मिळालं नाही तर वरून ठणठणीत दिसणारं पिल्लू एकदोन दिवसांत जातं.

जखम नसेल तर आधी आईला संधी द्यायची. खारीची एकापेक्षा जास्त घरटी असतात, एक मोडलं तर ती पिल्लू तोंडात धरून दुसरीकडे नेते. चपलेचा खोका घ्या, आत जुना सुती कपडा, कपड्याच्या एका बाजूखाली कोमट पाण्याची बाटली, आणि खोका त्याच झाडाला माणसाच्या उंचीवर बांधा. झाकण लावू नका, आई आत कशी शिरणार? मग लांब व्हा. लांब म्हणजे खरंच लांब, खिडकीआड, सेल्फी नाही, कावळा-मांजर येतंय का एवढंच बघायचं. मी पिल्लाचं चीं चीं मोबाईलवर रेकॉर्ड करून झाडाखाली वाजवते, बऱ्याचदा आई पाच मिनिटांत खाली येते. तीनचार तास थांबा, पण अंधार पडला की खोका आत घ्या, खार रात्री बाहेर पडत नाही, पडतात ती मांजरं.

आता आई आलीच नाही आणि रात्र काढायची आहे. इथेच सगळे चुकतात आणि मीही चुकले होते. माझं पहिलं पिल्लू डोळेसुद्धा न उघडलेलं, गुलाबी, माझ्या अंगठ्याएवढं. मी त्याला बाळासारखं उताणं झोपवून सिरिंजने गाईचं दूध दिलं. त्याने दोन घोट गिळले, मला केवढा आनंद, आणि मग नाकातून दुधाचा बुडबुडा आला. छोटासा, पांढरा. मी पुसला आणि अजून पाजलं! रात्रभर त्याच्या छातीतून टकटक असा आवाज येत होता, पहाटे थांबला. दूध फुफ्फुसात गेलं होतं.

म्हणून ऐका. पिल्लू हाताला गार लागत असेल तर तोंडात थेंबसुद्धा घालायचा नाही. गार पिल्लाच्या पोटात पचन चालत नाही, जे घालाल ते तसंच पडून नासतं. आधी ऊब, बाटली कपड्यात गुंडाळून, आणि खोक्याची अर्धी बाजू गार ठेवा म्हणजे जास्त झालं तर ते सरकेल. अर्धा-एक तास तरी जातो. पोट तळहाताला कोमट लागलं की मगच पुढे.

पहिल्या दोन वेळा फक्त ओआरएस, कोमट, आणि पाकिटावर लिहिलंय तितक्याच पाण्यात कालवलेलं, अंदाजपंचे नको. नंतर कुत्र्याच्या पिल्लांची मिल्क पावडर, पेट शॉपमध्ये मिळते. गाईचं दूध नाही, त्याने जुलाब लागतात आणि एवढ्याशा जिवाला जुलाब म्हणजे संपलंच. 1 मिलीची सिरिंज, सुई काढून. पिल्लू पालथं, चार पायांवर, डोकं किंचित वर, सिरिंज तोंडात खुपसायची नाही, ओठाला थेंब लावायचा आणि त्याने चाटेपर्यंत थांबायचं. घाई करणाऱ्याने हे काम करूच नये. नाकात बुडबुडा दिसला की बंद, डोकं खाली करून पुसा, श्वास सुरळीत होईपर्यंत काही देऊ नका. किती? वजनाच्या साधारण 5 टक्के, म्हणजे 20 ग्रॅमच्या पिल्लाला एका वेळी 1 मिली. किचनच्या वजनकाट्यावर मोजा. केस न आलेल्या पिल्लाच्या पोटात डावीकडे कातडीखालून दूध पांढरं दिसतं, तो पांढरा डाग गेल्याशिवाय पुढचं दूध नाही. दर दोनतीन तासांनी, रात्रीही. हो, अलार्म लावून.

पाजून झालं की ओल्या कोमट कापसाने खालून हलकं पुसत राहा, लघवी होईपर्यंत. आई चाटून हेच करते, आपण नाही केलं तर त्याचं पोट फुगतं.

सकाळी 1926 ला फोन, ही वनखात्याची हेल्पलाइन आहे. पुण्यात बावधनला, नागपुरात सेमिनरी हिल्सला वन्यप्राण्यांची उपचार केंद्रं आहेत. घरी पाळायचा विचार मनात आणू नका, कायद्याने चालत नाही, आणि एकटं वाढवलेलं पिल्लू माणसाच्या खांद्यावर चढायला शिकतं, मांजराला घाबरायला शिकत नाही. नेताना गाडीतला एसी आणि गाणी बंद. आणि कुठल्या झाडाखाली सापडलं ते चिठ्ठीवर लिहून खोक्याला चिकटवा, मोठं झाल्यावर कुठे सोडायचं हे ठरवताना तीच चिठ्ठी आधी बघतात.