अंडं मऊ निघालं? कारण आदल्या संध्याकाळपासून शोधा

सकाळी खुराडं उघडलं की मी आधी अंडी घालायच्या पेटीत हात घालत नाही, कोंबड्या रात्री बसतात त्या दांडीखाली वाकून बघते. मऊ अंडं सापडायचं असेल तर बहुतेक तिथेच सापडतं, तुसात अर्धं बुडालेलं, विष्ठेने माखलेलं. उचलायला जावं तर पाण्याच्या पिशवीसारखं बोटांत लिबलिबतं आणि उजेडात धरलं तर आतला बलक हलताना दिसतो. असं अंडं कोंबडी पेटीपर्यंत नेत नाही, रात्री बसल्या जागीच टाकून मोकळी होते.

पहिल्यांदा हे झालं तेव्हा शेजारच्या काकू कुंपणापलीकडून म्हणाल्या, “अगं, चुन्याची निवळी ठेव पाण्यात. आमच्या सासूबाई तेच करायच्या.” मी आठ दिवस इमानेइतबारे निवळी ठेवली. नवव्या दिवशी दांडीखाली पुन्हा तेच.

मग हिशेब मांडला. साधारण ६० ग्रॅमच्या अंड्याचं टरफल ५ ते ६ ग्रॅमचं असतं आणि त्यात निव्वळ कॅल्शियम २ ग्रॅमच्या आसपास. कोंबडी जे खाते त्यातलं निम्मंच अंगी लागतं असं धरलं, तर अंड्यावर असलेल्या, म्हणजे अंडी देत असलेल्या, कोंबडीला दिवसाला ४ ग्रॅम तरी पोटात जायला हवं. आता निवळी बघा. एक लिटर पाण्यात चुना विरघळून विरघळून दीड-पावणेदोन ग्रॅम, म्हणजे कॅल्शियम एक ग्रॅमही नाही. कोंबडी दिवसाला पिते पाव लिटर. हाती आलं ०.२ ग्रॅम. ४ ग्रॅमच्या गरजेपुढे हे म्हणजे दर्यामें खसखस. वर तळाचा चुना ढवळून पाजला तर तोंड पोळतं, कोंबड्या पाणीच कमी पितात आणि होती ती अंडीही घटतात.

टरफल रात्री तयार होतं

एका अंड्याला बलक सुटल्यापासून बाहेर पडेपर्यंत २४ ते २६ तास लागतात. पहिल्या चार-पाच तासांत बलकाभोवती पांढरं आणि मग पातळ पापुद्रे चढतात. उरलेले साधारण २० तास अंडं गर्भाशयात बसून असतं आणि त्यावर टरफल चढत राहतं. यातलं बरंचसं काम रात्री चालतं, कोंबडी दांडीवर डोळे मिटून बसलेली असते तेव्हा. त्या वेळी ती खात नाही. माल येतो तो संध्याकाळी पोटात गेलेल्यातून, आणि तो पुरला नाही तर तिच्या स्वतःच्या हाडांतून. हे फार दिवस चाललं की आधी टरफल पातळ होतं, मग कोंबडी पायांतून जाते.

माझी चूक इथेच होती. लेअर खाद्य, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं तयार खाद्य, मी सकाळी घालायचे आणि संध्याकाळी मूठ-मूठ तांदळाची कनी. कनी टाकली की आपोआप खुराड्यात शिरतात, हाकलत बसावं लागत नाही, एवढंच त्यामागचं शास्त्र. परिणामी गळ्याची पिशवी तट्ट फुगवून झोपायला जात होत्या त्या कनीने, जिच्यात कॅल्शियम जवळजवळ नाहीच. ज्वारी, बाजरी, मका यांचंही तेच. कोंड्यात फॉस्फरस भरपूर, पण त्यातला फायटेट असलेलं कॅल्शियमही धरून ठेवतो. पालकातलं ऑक्झॅलेटही तसंच. हिरवं घालायचंच तर शेवग्याचा पाला बरा.

आता चारनंतर आधी लेअर खाद्य, पोटभर. आत बोलवायला कनी लागतेच, पण ती दर कोंबडीमागे चमचाभर.

शिंपले: पूड नको, तुकडे हवेत

आम्ही कोकणातले, तिसऱ्या केल्या की शिंपल्यांचा ढीग पडतो. ते धुवायचे, उन्हात खडखडीत वाळवायचे, लोखंडी तव्यावर भाजायचे आणि गोणपाटात गुंडाळून वरवंट्याने फोडायचे. तूरडाळीएवढे तुकडे झाले की थांबा. मी सुरुवातीला हौसेने मिक्सरमधून पीठ काढलं होतं, भांड्याची पाती तेवढी गेली. पूड पोटातून भराभर पुढे सरकते. तुकडा पेषणीत, म्हणजे दाणे दळणाऱ्या पोटात, अडकून राहतो आणि रात्रभर थोडा थोडा झिरपतो, म्हणजे नेमका हवा तेव्हा. घाटावर शिंपले मिळत नसतील तर खाद्याच्या दुकानात शिंपल्याचा किंवा चुनखडीचा जाडा चुरा मिळतो.

हे खाद्यात कालवू नका. वेगळ्या करवंटीत ठेवा. जिला अंडं घालायचंय ती स्वतःहून येऊन वेचते, कोंबडा ढुंकून बघत नाही. अंड्यांची टरफलं वापरायलाही हरकत नाही, पण भाजून आणि ओळखू येणार नाहीत इतकी चुरडून. अर्धगोल टरफल जसंच्या तसं टाकलं तर एखादी पेटीतलं अंडं फोडून खायला शिकते. मऊ अंडी पडून राहिली तरी हीच सवय लागते, म्हणून ती सकाळी लवकर उचला.

पोत्यावर काय लिहिलंय ते वाचा

दुकानदार म्हणतो, “ताई, खाद्य सगळं सारखंच.” सारखं नसतं. लेअर खाद्यात कॅल्शियम साडेतीन ते चार टक्के असतं, ग्रोअर (वाढत्या कोंबड्यांच्या) आणि ब्रॉयलरच्या (मांसाच्या कोंबड्यांच्या) खाद्यात एक टक्क्याच्या आसपास. ब्रॉयलरचं पोतं स्वस्त पडलं म्हणून अंड्यावरच्या कोंबड्यांना घालाल तर कवच पातळ होणारच. उलटी चूकही तितकीच वाईट: लेअर खाद्य पिल्लांना घातलं तर जास्तीच्या कॅल्शियमने त्यांचे मूत्रपिंड खराब होतात. परसात लहानमोठ्या सगळ्या एकत्र चरत असतील तर सगळ्यांना ग्रोअर आणि शिंपले वेगळे, ही सोय मला पटते. तलंगीला, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबडीला, लेअरवर कधी आणायचं? हायब्रीड असेल तर १८ आठवड्यांच्या सुमारास. गावठीचं असं ठरलेलं नसतं. तिचा तुरा लाल झाला, हात पाठीवर ठेवला की ती दबून बसू लागली, की वेळ आली समजा.

एप्रिल-मे मध्ये शिंपल्यांना दोष देऊ नका

उन्हाळ्यात हे सगळं करूनही कवच पातळ येतं. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. धापांबरोबर शरीरातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि टरफल तर कॅल्शियम कार्बोनेटचं. कॅल्शियम आहे पण कार्बोनेट नाही, अशी गत होते. त्यात भर उन्हात ती खातही कमी. विदर्भ-खानदेशात तर हे हटकून दिसतं. खाद्य उजाडताच आणि ऊन कलल्यावर घाला, दुपारी फक्त गार पाणी, सावलीत, मातीच्या भांड्यात. जाळीवर ओलं गोणपाट टाका. बोअरचं पाणी मचूळ असेल तर पिण्यापुरतं गोडं पाणी वेगळं काढा. पाण्यातल्या मिठानेही कवच बिघडतं.

अंड्याचा आकार काय सांगतो

कमरेला पट्टा बांधल्यासारखी कड असलेलं अंडं म्हणजे ते आत असतानाच तडकलं आणि वरून पुन्हा लिंपलं गेलं. संध्याकाळनंतर काहीतरी दचकवणारं झालेलं असतं. आमच्याकडे मुंगूस येऊन गेलं की दुसऱ्या दिवशी असं एखादं निघतं, दिवाळीच्या फटाक्यांतही निघालंय. दांडीवर दाटी होऊन ढकलाढकल होत असेल तरी हेच. दर कोंबडीला वीतभर तरी जागा द्या. एका बाजूने चपटं अंडं म्हणजे दोन अंडी मागेपुढे आली आणि आत एकमेकांना टेकली. वर बाजरीसारखे खडे दिसत असतील तर ते जास्तीचं कॅल्शियम, खायला काही वाईट नाही.

तलंगीची पहिली अंडी बघून औषध आणायला धावू नका. दोन-तीन आठवडे तिच्याकडून काहीही निघतं: दोन बलकांचं, बलकच नसलेलं सुपारीएवढं, कधी बिनकवचाचं. यंत्र नवं आहे, बसायला वेळ लागतो. कोंबडा नाही म्हणून कवच धरत नाही, हे तर कुठून आलं कोण जाणे. कोंबड्याचा कवचाशी काही संबंध नाही.

सुरकुत्या पडलेलं अंडं मात्र गंभीरपणे घ्या. एखादंच असेल तर सोडून द्या. पण चार-पाच कोंबड्यांची अंडी एकाच आठवड्यात सुरकुतली, फोडल्यावर पांढरं पाण्यासारखं पसरलं आणि खुराड्यात घरघर, शिंका ऐकू आल्या, तर तो श्वसननलिकेचा संसर्ग, म्हणजे आयबी (इन्फेक्शस ब्राँकायटिस), असू शकतो. तपकिरी अंडी आधी फिकी पडली, मग एकदम मऊ आणि बिनकवचाची येऊ लागली, कोंबड्या मात्र वरून ठणठणीत, तर एग ड्रॉप सिंड्रोमची शंका घ्यावी. हा रोग १९७६ मध्ये नेदरलँड्समध्ये पहिल्यांदा नोंदला गेला. मानमोडीनंतरही (राणीखेत रोगानंतरही) अंडी अशीच बिघडतात. इथे शिंपले-पाला काही कामाचं नाही, पशुवैद्यकांना दाखवा. मनाने औषध पाजू नका, सल्फाच्या औषधांनी तर स्वतःच कवच पातळ होतं. औषध चालू असताना आणि नंतर किती दिवस अंडी खायची नाहीत तेही विचारून घ्या.

मऊ अंडं आतच अडकलं तर कोंबडी शेपूट पाडून, पाय फाकवून उभी राहते, जोर करते, पेटीत जाऊन रिकामी परत येते. तिला पोटापर्यंत बुडेल एवढ्या कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बसवा, मग अंधाऱ्या, उबदार जागी ठेवा. पोट दाबून अंडं काढायला जाऊ नका, आत फुटलं की पू होतो आणि कोंबडी हातची जाते. काही तासांत सुटली नाही तर दवाखाना गाठा.

बिनकवचाचं अंडं आम्ही घरात खात नाही. त्याला घाणीपासून वाचवणारं काही नसतं. उकडून कुत्र्याला.

संध्याकाळचं खाणं बदलल्यावर माझ्याकडे आठवड्याभरात फरक पडला. फक्त एक तांबडी राहिली, पाचव्या वर्षातली. वयाबरोबर अंडं मोठं होत जातं आणि टरफलाचा माल तेवढाच राहतो, तोच जास्त जागेवर पसरावा लागतो. तिचं कवच बोट लावलं तरी दबतं. ते आम्ही टोपलीत ठेवतच नाही, धुऊन-पुसून तडा नाही ना बघायचं आणि त्याच सकाळी अंड्याची पोळी करून टाकायची.