ठरवलेलं सगळं फिसकटलं की देवावर भरवसा कसा ठेवायचा

आधी रडून घ्या. मी पण रडलेय. आमची निफाड साइडला द्राक्षबाग, ऑक्टोबर छाटणीपासून जीव लावलेला, सौदा झालेला, चार दिवसांनी माल तुटणार आणि त्या पैशातून घराचा स्लॅब पडणार असं सगळं ठरलेलं, आणि संध्याकाळी पंधरा मिनिटं गारा पडल्या. सकाळी बागेत गेले तर मणी तडकलेले, घड हातात धरला की रस कोपरापर्यंत ओघळत होता. त्या दिवशी दिवा लावायला पण हात उठेना.

देवाशी भांडायचं असेल तर खुशाल भांडा, पण त्याच्यासमोर बसून भांडा, बोलणं बंद करू नका. विठ्ठलाला आपण माऊली म्हणतो, मग आईवर रुसून लेकरू जाणार कुठं? तुकोबांचं बघा, १६३० च्या दुष्काळात धंदा बुडाला, पहिली बायको अन्न अन्न करत गेली, आणि तेच पुढे म्हणतात बरं झालं देवा दिवाळं निघालं. पण हे त्यांनी पहिल्याच दिवशी म्हटलं असेल असं मला नाही वाटत, म्हणून "जे होतं ते चांगल्यासाठीच" असं कुणाला लगेच ऐकवू नका, फार लागतं ते.

आणि भरवसा म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नाही, असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी हे आपण आळशाला म्हणतो. गारपिटीचा विमा असेल तर ७२ तासांच्या आत कळवावं लागतं, तेव्हा डोळे पुसा, फोटो काढा, फोन लावा, पंचनाम्यासाठी तलाठ्याला गाठा. आपल्या हातातलं तेवढं केलं की उरलेल्याचा रात्रभर हिशोब करत बसायचं नाही, ते त्याच्यावर टाकायचं.

टाकायचं कसं, तर संध्याकाळी ठरलेल्या टायमाला हरिपाठ. मन लागत नसेल तरी चालेल, तोंडाने म्हणा. पहिले आठ-दहा दिवस माझं नुसतं तोंड चालायचं, नजर कॅलेंडरवर स्लॅबच्या तारखेला केलेल्या गोलावर. मग एका संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, आज टाळ चुकली नाहीस गं.

मागणं पण छोटं करा. मी स्लॅबचं मागायचं सोडलं, आजचा दिवस निभावू दे एवढंच म्हणायचे. एप्रिलची खरड छाटणी आली की मजूर, खत, औषधं सगळं परत बघायचंच आहे, ते त्या दिवशी मागता येतं.