जाड्या-रड्या पुन्हा पाहायचे तर

लहानपणी टीव्हीवर पाहिलेले लॉरेल आणि हार्डी, म्हणजे आपले जाड्या-रड्या, मोठेपणी एकट्याने मोबाइलवर लावले की पुष्कळांचा विरस होतो. पडणे-आपटणे आठवणीत होते तसेच असते, पण मधले क्षण रेंगाळल्यासारखे वाटतात आणि बोट पुढे सरकवण्याकडे जाते. ते रेंगाळणे हेतुपुरस्सर आहे. स्टॅन लॉरेल, म्हणजे रड्या, पडद्यावर बावळट दिसत असला तरी विनोदांची जुळणी आणि संकलन यांवर त्याचेच लक्ष असे. चाचणीच्या खेळात प्रेक्षक कुठे आणि किती हसतात हे पाहून त्या हशापुरती जागा चित्रपटात सोडली जात असे. म्हणून पहिले पथ्य असे, की हे लघुपट चारचौघांत पाहावेत.

कोकणात चारचौघे जमवावे लागत नाहीत. गणपतीला चाकरमानी आले, आरती आणि जेवणे आटोपली, की ओटीवर माणसे असतातच. मात्र त्या दिवसांत वीज आणि नेटवर्क यांच्यावर विसंबून राहू नये. रीतसर मिळालेली प्रत आधीच लॅपटॉपवर घेऊन ठेवावी आणि बॅटरी पूर्ण भरलेली असावी. पडवीवर पत्रा असेल तर पावसात लॅपटॉपचा स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, तेव्हा स्पीकर हवाच. बोलपट आल्यावर या जोडीने एक युक्ती फार सुरेख वापरली: माणूस चौकटीबाहेर जातो, पडताना दिसत नाही, नुसता धडाधड आवाज येतो आणि कॅमेरा दुसऱ्याच्या चेहऱ्यावर थांबून राहतो. तो आवाज पावसात बुडाला तर विनोदच बुडतो.

प्रत निवडताना मूळ कृष्णधवल घ्यावी. नंतर रंगवलेल्या प्रतींत चेहरे मेणाचे दिसतात. वरून भलतेच संवाद किंवा हशा चिकटवलेल्या प्रती तर हातातही धरू नयेत, कारण हार्डीचा उसासा त्यांत हमखास झाकला जातो. मूकपटातली माणसे फारच तुरतुर पळत असतील तर वेग किंचित उतरवून पाहावा. थोडी घाई मात्र तेव्हाच्या विनोदपटांत मुद्दाम ठेवलेली असे, तेवढी राहू द्यावी.

सुरुवात १९३२ च्या ‘द म्युझिक बॉक्स’ने करावी. अर्ध्या तासाच्या या लघुपटाला विनोदी लघुपटाचे ऑस्कर मिळाले होते, आणि गोष्ट एवढीच आहे की दोघांना लाकडी पेटाऱ्यातला पियानो उंच जिन्यावरून वरच्या घरी पोचवायचा आहे. जांभ्याच्या पाखाडीवरून, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवरून, लोखंडी कपाट घरी चढवलेल्या माणसाला यातले काही समजावून सांगावे लागत नाही. येथे पेटारा घरंगळतो तेव्हा पेटाऱ्याकडे पाहू नये. वरून बाळाची गाडी घेऊन दाई येते, तिला वाट देण्यासाठी दोघे किती अदबीने बाजूला होतात आणि त्या अदबीपायीच पियानो कसा हातचा जातो, ते पाहावे. शेवटी वर पोचल्यावर पोस्टमन सांगतो की मागच्या बाजूने गाडीरस्ता आहे, आणि हे दोघे पियानो पुन्हा खाली नेतात. हा निर्णय घेताना त्यांच्या चेहऱ्यावर शंकेची रेघही नसते. माझ्या मते सबंध लघुपटातली सर्वांत विनोदी गोष्ट ती आहे.

त्यानंतर १९२९ चा ‘बिग बिझनेस’ हा मूकपट लावावा. हे दोघे दारोदार नाताळची झाडे विकतात, जेम्स फिनलेसन नावाचा मिशाळ घरमालक नकार देतो, आणि मग एकमेकांच्या मालमत्तेची मोडतोड सुरू होते. एकजण मोडत असताना दुसरा अडवत नाही. शांतपणे पाहतो, आपली पाळी आली की पुढे सरसावतो. पोलीसही गाडीत बसून नोंद करत राहतो. येथे लहान मुले मोडतोडीला हसतात आणि मोठी माणसे त्या शिस्तीला, त्यामुळे दोन्ही वयांची मंडळी एकत्र बसवणे फायद्याचे असते. जत्रेतल्या दशावतारात संकासुराच्या बोलण्याला उत्तरे देण्याची सवय असलेल्या आजीने पडद्यावरच्या हार्डीला ‘मेल्या, मागे बघ!’ म्हणून हाक मारली तर तिला गप्प करू नये.

एका रात्री दोनच लघुपट पुरे. तिसऱ्याला चापटी ओळखीच्या वाटू लागतात. मुलांसोबत बसण्यापूर्वी मोठ्यांनी एकदा पाहून घेतलेले बरे, कारण त्या काळच्या अमेरिकी विनोदपटांत कृष्णवर्णीयांची किंवा बायकांची टिंगल अधूनमधून येते; ती आली तर मुलांना दोन वाक्यांत सांगावे, व्याख्यान देऊ नये.

आवडलेला प्रसंग दुसऱ्या दिवशी आवाज बंद करून पुन्हा पाहावा आणि फक्त हार्डीवर नजर ठेवावी: तो टायचे टोक बोटांनी हलवतो, लाजतो आणि मग थेट कॅमेऱ्यात पाहून आपली साक्ष काढतो. एवढे डोळ्यांना वळण लागल्यावर मोठे चित्रपट घ्यावेत. त्यांत १९३७ चा ‘वे आउट वेस्ट’ पहिला, कारण तो जेमतेम तासाभराचा आहे आणि दारूच्या गुत्त्याच्या दारात दोघांनी केलेला नाच त्यात आहे.